बैलजोडी विकण्याआधी



हरभऱ्याला घाटे धरले आहेत, ज्वारी निसवते आहे, आणि अशा ऐन हंगामात हा गृहस्थ घाटेअळी सोडून कॉलेजच्या प्रवेशाचे काय घेऊन बसला, असे तुम्हाला वाटेल. त्याला कारण आहे. बारावीच्या परीक्षा तोंडावर आल्या आहेत. सीईटीचे अर्ज याच दिवसांत भरले जातात. पण प्रवेशाची खरी धावपळ सुरू होते ती पेरणीच्या आणि खुरपणीच्या दिवसांत, आणि तेव्हा तुम्हाला तालुक्याला जायला सवड नसते. गेल्या पावसाळ्यात जे पाहिले ते तेव्हाच लिहायचे होते, पण तेव्हा लिहून उपयोग नव्हता. आज लिहिले तर चार महिने हातात आहेत.

आमच्या तालुक्यातल्या एका गावी मी कपाशीवरचे तुडतुडे पाहावयास गेलो होतो. शेतकरी ओळखीचा, चार एकरांचा धनी, बांध स्वच्छ ठेवणारा. पानाची खालची बाजू उलटून मी दाखवू लागलो, तर त्याचे लक्षच नाही. शेवटी म्हणाला, "साहेब, कपाशीचं राहू द्या. पोरीला बारावीला ८२ टक्के पडले आणि सीईटीला ७८. चार टक्के घसरली. आता कुठलं कॉलेज मिळतंय? एकजण म्हणतो, दीड लाख द्या, अ‍ॅग्रीची सीट पक्की करून देतो. बैलजोडी काढावी म्हणतो."

बैल तिथेच लिंबाखाली बांधलेले होते. त्याची मालकीण शेंगा निवडत होती, ती मान वर न करता म्हणाली, "बैल गेल्यावर पुढली पेरणी कशावर करायची, ते पण साहेबांना विचारा."

मी विचारले, पावती मिळेल का? तर नाही. मुलीचा ऑनलाइन अर्ज कोणाच्या मोबाइल नंबरवर भरला? त्या माणसाच्याच. पासवर्ड? त्याच्याचपाशी. आणि दहावी-बारावीची मूळ गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला? "तेही त्याच्याकडेच दिलेत, फाईल करायला." तुडतुडे राहिले बाजूला. तिथेच बांधावर बसून आम्ही तासभर बोललो, तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट, ती पोरगी घसरलेली नव्हतीच. सीईटीच्या कागदावर जे ७८ असतात ते टक्के नव्हेत, ते पर्सेंटाइल. या एका शब्दाने घरोघर जेवढे रडणे होते तेवढे नापास झाल्यानेही होत नसेल. आठवडी बाजारात शंभर बैल किमतीप्रमाणे ओळीने उभे केले आणि तुमच्या बैलाच्या बरोबरीचे वा खालचे मिळून ७८ निघाले, तर तुमचा बैल ७८ पर्सेंटाइलचा. त्याची किंमत ४० हजार की ८० हजार, ते यावरून कळत नाही. ओळीतली जागा तेवढी कळते. परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत चालते. एका दिवशीचा पेपर सोपा, दुसऱ्या दिवशीचा अवघड. म्हणून ज्या सत्रात तुमचे मूल बसले त्या सत्रातल्या मुलांशीच त्याची तुलना करून हा आकडा काढतात. तेव्हा बारावीचे टक्के आणि सीईटीचे पर्सेंटाइल एकमेकांतून वजा करू नका. ज्वारीच्या पोत्यातून दुधाचे लिटर वजा करण्यासारखे ते आहे.

सीईटीचा पेपर कसा असतो तेही आईबापांनी जाणून घ्यावे. भौतिक आणि रसायन मिळून १०० गुण, आणि जीवशास्त्र किंवा गणित १०० गुण. दोन्ही पेपर दीड-दीड तासाचे. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या भागावर आणि ८० टक्के बारावीच्या. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडून येऊ नये. हे मुलांना ठाऊक असते असे आपण धरून चालतो, पण उरलेले दहा प्रश्न भीतीने कोरे ठेवून आलेली मुले मी दरवर्षी पाहतो. अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष, ही समजूतही काढून टाका. आणि कृषी पदवीसाठी लातूरला खोली करून लाखाचा क्लास लावलाच पाहिजे असे मला वाटत नाही. राज्य मंडळाची पुस्तके दोनदा मन लावून वाचली आणि जुने पेपर घड्याळ लावून सोडवले, तर खेड्यातले मूलही पुढे जाते. क्लासवाल्यांना माझे म्हणणे आवडणार नाही. असो.

आता बैलजोडीकडे वळू.

राज्यात चार कृषी विद्यापीठे आहेत : राहुरीचे महात्मा फुले, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख, परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा आणि दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ. त्यांची स्वतःची कॉलेजे आहेत आणि त्यांना जोडलेली खाजगी कॉलेजेही बरीच आहेत. चार वर्षांच्या बी.एस्सी. कृषी पदवीचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत, केंद्रीय पद्धतीने, फेऱ्याफेऱ्यांनी होतात. गुणवत्ता यादी लागते, तुम्ही दिलेल्या पसंतीक्रमाप्रमाणे जागा मिळते. या फेऱ्यांत "सीट पक्की करून देणारा" कोणी नसतो. यादी संगणक लावतो. जो माणूस पैसे मागतो तो एकतर जी जागा तुमच्या मुलीला आपोआप मिळणारच होती ती विकतो, नाहीतर फेऱ्यांच्या बाहेरची, संस्थेच्या कोट्यातली जागा विकतो. पावतीवाचून असे पैसे घेणे हा कॅपिटेशन फीविरोधी १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण गुन्ह्याची गोष्ट बाजूला ठेवा, तुमचा तोटा पाहा.

राज्य शासनाने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून मुलींसाठी एक मोठा निर्णय केला. इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल घटक आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. कृषीचे अभ्यासक्रमही त्यात येतात. अट एक : प्रवेश केंद्रीय फेरीतूनच झाला पाहिजे. संस्थेच्या किंवा व्यवस्थापनाच्या कोट्यातून गेलात की ही सवलत गेली. म्हणजे त्या बांधावरच्या गृहस्थाने बैल विकून दीड लाख दिले असते, आणि ते देऊन चार वर्षांची फीमाफी गमावली असती. त्याला हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मालकिणीने मात्र शेंगांचे सूप खाली ठेवले.

मुलग्यांसाठीही वाट आहे. ८ लाखांच्या आत उत्पन्न असल्यास राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मे शिक्षण शुल्क मिळते. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्ती आणि फ्रीशिपच्या वेगळ्या योजना आहेत. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, त्याला तलाठ्याकडून आणि तहसीलमधून अल्पभूधारक दाखला काढावा लागतो. हे सगळे अर्ज महाडीबीटी या एकाच ठिकाणी, दरवर्षी भरावे लागतात, आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. मुलाचे खाते आधारशी जोडले आहे का, हे आजच बँकेत विचारून या. मात्र खाणावळ, खोली, पुस्तके आणि एस.टी.चा खर्च आपलाच धरून चाला. तो कोणी माफ करीत नाही.

आता कागद. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण गुणांवाचून जेवढी मुले मागे राहतात त्याहून जास्त कागदावाचून राहतात, आणि त्यातले एक माझ्या स्वतःच्या घरातले आहे.

माझी बहीण शेजारच्या तालुक्यात दिली आहे. तिचा मुलगा बारावी शास्त्र शाखेत होता. दिवाळीला दाजींनी विचारले, "जात पडताळणीचं कधी करायचं?" मी त्या दिवसांत रब्बीच्या पीक प्रात्यक्षिकांत गुंतलो होतो. म्हणालो, "होईल हो, अजून पुष्कळ वेळ आहे." जातीचा दाखला आहे म्हणजे झाले, असे त्यांना वाटत होते, आणि मला ठाऊक असून मी ते खोडून काढले नाही. जूनमध्ये प्रकरण दाखल करायला गेलो तर इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा पुरावा हवा. आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा काढायला गेलो, तर रजिस्टर निजाम राजवटीतले, उर्दूत. ते वाचणारा शोधा, भाषांतर करून घ्या, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र करा. यात आषाढ गेला. दोन फेऱ्या होऊन गेल्या. भाच्याला खुल्या प्रवर्गातून जे मिळाले ते घ्यावे लागले, फी पूर्ण भरावी लागली. आमची ताई मला आजतागायत एक शब्द बोललेली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

तेव्हा ज्यांना राखीव प्रवर्गातून प्रवेश घ्यायचा आहे त्यांनी नीट ऐकावे. प्रांताधिकाऱ्यांच्या कार्यालयातून मिळतो तो जातीचा दाखला. त्यावर जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडून मिळते ते वैधता प्रमाणपत्र. दोन्ही कागद वेगळे, आणि प्रवेशाला दोन्ही लागतात. अकरावी-बारावी शास्त्र शाखेत असतानाच मुलाच्या कनिष्ठ महाविद्यालयाचे पत्र घेऊन पडताळणीचा अर्ज करता येतो. पुराव्याची तारीख प्रवर्गाप्रमाणे बदलते : अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. अनुसूचित जमातींची समिती वेगळी, आणि त्यांच्यासाठी तारीख ६ सप्टेंबर १९५०. आजोबा-पणजोबांचा शाळेचा उतारा, जन्ममृत्यूची नोंद, जुना महसुली कागद, जे मिळेल ते शोधा. मराठवाड्यात जुन्या नोंदी उर्दूत किंवा मोडीत निघतात, हे आधीच धरून चाला. वडिलांच्या बाजूच्या जवळच्या रक्तनात्यात, म्हणजे वडील, चुलते, सख्खा भाऊ, आत्या यांपैकी कोणाला वैधता मिळाली असेल, तर त्याची प्रत लावल्याने काम पुष्कळ सोपे होते. कधी कधी शासन प्रकरण दाखल केल्याच्या पावतीवर मुदत वाढवून देते. पण त्या भरवशावर राहणे म्हणजे मृग कोरडा गेला असता आर्द्रा नक्की लागतील म्हणून धूळपेरणी करणे. एखादे वर्ष साधते.

दुसरा कागद नॉन-क्रीमी लेअरचा. अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकीच्या मागास प्रवर्गांना तो लागतो. त्याची मुदत ३१ मार्चला संपते. घरात जुना आहे म्हणून निश्चिंत राहू नका, त्यावरची तारीख वाचा. उत्पन्नाचा दाखला आणि वय-अधिवास-राष्ट्रीयत्वाचा दाखला हे सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून मिळतात. मार्च-एप्रिलमध्ये तिथे गर्दी नसते. निकाल लागला की रांग रस्त्यावर येते आणि त्याच आठवड्यात सर्व्हर बंद पडतो. तो कसा काय नेमका तेव्हाच बंद पडतो, हे मला ३० वर्षे शासकीय नोकरी करूनही उमगलेले नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. दहावीच्या गुणपत्रकावरचे नाव, आधारवरचे नाव आणि जातीच्या दाखल्यावरचे नाव एकसारखे आहे का पाहा. एकीकडे वडिलांचे नाव पूर्ण, दुसरीकडे नुसते आद्याक्षर. एकीकडे आडनाव एक, दुसरीकडे वेगळ्या वळणाचे. आधारवर चूक असेल तर ती दुरुस्त होते, पण दोन दिवसांत होत नाही. मूळ कागद कोणाच्याही स्वाधीन करू नका. झेरॉक्स द्या, मूळ परत घ्या, आणि ते पिशवीत घालून धान्याच्या कणगीजवळ ठेवू नका. उंदराने खाल्लेले गुणपत्रक मी डोळ्यांनी पाहिले आहे.

अर्ज भरताना मोबाइल नंबर घरचा द्या. सगळे निरोप आणि ओटीपी त्यावर येतात. ज्याच्या हाती तो नंबर आणि पासवर्ड, त्याच्या हाती तुमच्या मुलाचा प्रवेश. त्या बांधावरच्या मुलीच्या अर्जात त्या माणसाने पसंतीक्रमात एकाच कॉलेजचे नाव टाकून ठेवले होते, आणि ते कोणाच्या सोयीचे होते हे सांगायला नको. आम्ही दुसऱ्या दिवशी मूळ कागद परत आणले, नंबर बदलून घेतला, आणि मुदत संपायच्या आत यादी नव्याने भरली.

पसंतीक्रम भरताना सरळ हिशेब ठेवा. जे कॉलेज मनापासून हवे ते पहिले लिहा, मग मिळण्याची आशा कमी असली तरी. वर लिहिल्याने खालचे जात नाही. वरचे मिळाले नाही तर यंत्र खालच्याकडे पाहते. तीनच नावे लिहून थांबू नका, पण जिथे जायचेच नाही ते नाव यादी लांबवण्यासाठीही लिहू नका. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावी लागते, पुढे थांबता येत नाही. खालची पसंती मिळाली तर पुढच्या फेरीसाठी थांबावे की नाही, याचा विचार घरात बसून करा, सायबर कॅफेत उभ्याने नको. तात्पुरती गुणवत्ता यादी लागते तेव्हा आपले नाव, प्रवर्ग, गुण तपासा. चूक असेल तर हरकत घ्यायला मोजके दिवस असतात. नियम दरसाल थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. मोठ्याने वाचताना मुलालाही कळते.

आता एक प्रश्न, जो मला बाप लोक हळू आवाजात विचारतात : पोरगी दापोलीला किंवा अकोल्याला लागली तर पाठवावी का? मी म्हणतो पाठवा. पदवीच्या शेवटच्या वर्षात ही मुले गावोगाव राहून शेतकऱ्यांबरोबर काम करतात, मुलांना कृषीदूत आणि मुलींना कृषीकन्या म्हणतात. बीजप्रक्रिया शिकवायला आलेल्या कृषीकन्येचे आमच्याकडच्या बायका जेवढे ऐकतात तेवढे माझे ३० वर्षांत ऐकले नाही. वसतिगृह मात्र आधी जाऊन डोळ्यांनी पाहा. पाणी, संडास, रात्री दार किती वाजता बंद होते, एवढे विचारायला लाजू नका.

आणि पदवी घेतली म्हणजे सरकारी खुर्ची तयार, असेही मुलांना सांगू नका. मी परभणीहून पदवी घेऊन निघालो तेव्हाही ती तयार नव्हती. लोकसेवा आयोगाची कृषी सेवा परीक्षा, बँकांतील कृषी अधिकाऱ्यांची भरती, बियाणे आणि खतांच्या कंपन्या, स्वतःचे कृषी सेवा केंद्र, असे रस्ते आहेत, आणि प्रत्येकावर गर्दी आहे. मुलाला मातीची, पिकाची मुळीच आवड नसेल आणि केवळ "सोपी डिग्री" म्हणून पाठवत असाल, तर चार वर्षे वाया जातील. दुसरीकडे, ज्याला यंत्रांची आवड आहे त्याने कृषी अभियांत्रिकी पाहावी, तिला बारावीला गणित लागते. अन्न तंत्रज्ञान, उद्यानविद्या, वनशास्त्र हेही आहेत. गुराढोरांचा डॉक्टर व्हायचे असेल तर वाट वेगळी : तिथे नीट परीक्षा लागते आणि ते नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे. दहावीत मूल असलेल्यांनी अकरावीचे विषय निवडताना हे ध्यानात ठेवावे. झेपत असेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावेत, नंतर दार बंद होत नाही.

ती मुलगी दुसऱ्या फेरीत शेजारच्या जिल्ह्यातील एका खाजगी कृषी महाविद्यालयात लागली. सरकारी मिळाले नाही, तेवढे पर्सेंटाइल नव्हते, हे खरे. पण फेरीतून लागली, शिक्षण शुल्क माफ झाले. बैल लिंबाखालीच आहेत. परवा गेलो तेव्हा तिच्या बापाने तिचे पहिल्या सत्राचे पुस्तक दाखवले, माती परीक्षणाचे. म्हणाला, "साहेब, सुट्टीत आली की ही मला विचारते, सामू किती आहे म्हणून. मला काय ठाऊक?" मी म्हटले, नमुना काढून ठेवा, मीच नेतो.

ज्यांच्या घरी यंदा बारावीचे मूल आहे त्यांनी कागदांच्या झेरॉक्स घेऊन आठवडी बाजाराच्या दिवशी पंचायत समितीत यावे. दुपारी २ नंतर मी जागेवर असतो, आणि पाहायला काही पैसे पडत नाहीत.

पुढील आठवड्यात उन्हाळी भुईमूग : बियाणे, बीजप्रक्रिया आणि पहिले पाणी.